आयबनेझ की इबाञेथ?

गिटारवाल्यांच्या जगात काही भांडणं कधीच मिटत नाहीत. फेंडर भारी की गिब्सन, तारा जाड हव्यात की पातळ, ट्यूबवाला अँप घ्यायचा की लॅपटॉपवरच भागवायचं... आणि या सगळ्यांच्या वरताण म्हणजे आय-बी-ए-एन-ई-झेड या सहा अक्षरांचं तोंडाने करायचं काय? आयबनेझ? इबानेझ? आयबानिझ? इबानीज? की सरळ 'इबनेज'? माझ्या ओळखीपाळखीत या एका नावाचे हे पाच उच्चार सुखाने नांदतात, आणि प्रत्येकाला मनोमन खात्री आहे की उरलेले चार गावंढळ आहेत.

आता मी काही फार मोठा वादक वगैरे नाही. आठवडाभर कोड लिहायचा आणि वीकांताला शेजाऱ्यांच्या सहनशक्तीचा अंत पाहायचा, इतपतच मजल. पण नावांचं मला पहिल्यापासून वेड आहे. त्यामुळे या भांडणात नेमकं कोण बरोबर ते एकदाचं सांगून टाकू म्हटलं. तर मंडळी, ते तसं सांगता येत नाही. का, ते जरा सविस्तर.

साल्वादोर इबाञेथ नावाचा एक गिटार बनवणारा कारागीर स्पेनमधल्या वालेन्सिया शहरात होऊन गेला. (स्पॅनिशमध्ये 'व्ही' हे अक्षर 'ब'सारखं म्हणतात, त्यामुळे खरं तर साल्बादोर आणि बालेन्थिया. पण हे एकदा सुरू केलं की थांबता येत नाही, म्हणून इथेच थांबतो.) त्याच्या आडनावातल्या 'एन'च्या डोक्यावर एक छोटी लाट असते. त्या लाटेचा उच्चार आपल्या 'ञ'चा. हो, तोच ञ, जो शाळेच्या तक्त्यावर झबल्यातल्या झ च्या शेजारी बिनचित्राचा उभा असायचा, आणि ज्याचं काय करायचं हे बाईंनाही माहीत नसायचं. मराठीत तो जवळजवळ बेकार बसून आहे. स्पॅनिशमध्ये मात्र त्याला रोज काम आहे. शेवटचा झेड स्पेनमध्ये 'थँक्यू'तल्या थ सारखा, आणि दक्षिण अमेरिकेत साधा 'स'. म्हणजे इबाञेथ किंवा इबाञेस. देवनागरीत इतकं नेमकं लिहिता येतं, आणि आपण ते इंग्रजी स्पेलिंगवरून ओळखत बसतो!

पण गोष्ट इथे संपत नाही, सुरू होते. जपानमध्ये नागोया शहरात होशिनो नावाच्या मंडळींचं पुस्तकांचं दुकान होतं. १९०८ साली त्यांनी दुकानात वाद्यांचा विभाग काढला. १९२९ पासून ते स्पेनहून साल्वादोर इबाञेथच्या नावाच्या गिटारी मागवायला लागले. साल्वादोर स्वतः १९२० मध्येच वारला होता, पण नाव चालत होतं. पुढे १९३० च्या दशकात होशिनोंनी स्वतःच गिटारी बनवायला घेतल्या आणि नाव तेच ठेवलं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेची बाजारपेठ खुणावू लागली. 'मेड इन जपान' म्हणजे स्वस्तातली नक्कल, असा तेव्हा तिकडे समज होता. अशा वेळी गिटारीवर स्पॅनिश वाटणारं नाव असणं सोयीचंच. पण अमेरिकन माणूस एनवरची लाट कुठे बघत बसणार? लाट गेली, ए च्या डोक्यावरची तिरकी रेघ गेली, आणि साहेबाने समोर दिसलं ते वाचलं. आयबानेझ!

खरी गंमत पुढे आहे. जपानमध्ये ही कंपनी आज स्वतःचं नाव जपानी लिपीत कसं लिहिते? आइबानीझु. म्हणजे स्पॅनिश नाव जपान्यांनी घेतलं, ते अमेरिकनांनी आपल्या पद्धतीने वाचलं, आणि जपान्यांनी ते अमेरिकन वाचन मुकाट्याने परत घरी आणून, त्याला शेवटी एक 'उ' जोडून स्वतःच्या पाटीवर लिहिलं.

आता बोला, बरोबर कोण? कारागिराचं नाव म्हणाल तर इबाञेथ. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणेल ते खरं धरलं तर आयबानेझ. आणि कंपनी आपल्या घरात स्वतःला काय म्हणते तेच प्रमाण मानलं तर आइबानीझु, म्हणजे आमच्या गोतावळ्यातले पाचच्या पाच उच्चार चूक. :)

हे ऐकून कोणी जपान्यांना हसणार असेल तर त्याने मध्य रेल्वेने एकदा दादरहून कुर्ल्याला जावं. वाटेत स्टेशनवर मराठीत 'शीव' अशी पाटी आहे. शीव म्हणजे वेस, हद्द. पण तिथे उतरणारा अस्सल मराठी माणूससुद्धा "मी सायनला उतरतो" असंच म्हणतो. इंग्रजीतली चार अक्षरं वाचून झालेला उच्चार आपणही मुकाट्याने घरी आणलाच की. आयबानेझचं सायन झालंय, इतकंच.

यातून माझं पहिलं म्हणणं. आपली मूळ अडचण परकी नावं ही नाहीच. रोमन लिपीत लिहिलेलं दिसलं की ते इंग्रजीच आहे असं आपण धरून चालतो, तिथे सगळा घोळ होतो. याचं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे ताकामिने. जपानमधल्या गिफु प्रांतात ताकामिने नावाचा डोंगर आहे, त्याच्या परिसरात १९५९ साली हा कारखाना सुरू झाला, आणि १९६२ मध्ये त्याने डोंगराचंच नाव घेतलं. ता-का-मि-ने. चार अक्षरं, चारही सारख्याच वजनाची. मराठी माणसाला यात अवघड काय आहे? सोने, दाणे, पुणे, ठाणे म्हणणारी जीभ आपली! पण नाव रोमन लिपीतून आलं, शेवटी 'ई' दिसला, आणि आपल्या डोक्यातल्या इंग्रजीच्या बाईंनी लगेच बजावलं, "शेवटचा ई सायलेंट असतो." झालं, टाकामाईन. अमेरिकन लोक टाकामीनी म्हणतात, ते एक वेळ समजू शकतो, त्यांच्या तोंडाला शेवटचा 'ए' झेपत नाही. 'कराओके'चंही ते 'कॅरिओकी' करतात. पण आपल्याला झेपतो ना! आपण कराओके व्यवस्थित म्हणतो. जपानी शब्द आणि मराठी जीभ यांचं छान जमतं, मधला इंग्रजी दुभाषा तेवढा नडतो.

यामाहाच्या बाबतीत तो दुभाषा आपसूक बाजूला राहिला. १८८७ साली तोराकुसु यामाहा नावाच्या माणसाने हामामात्सु गावातल्या शाळेची बिघडलेली बाजाची पेटी दुरुस्त करून दिली, तिथून ही कंपनी सुरू झाली. कंपनीच्या खुणेत आजही तीन ट्यूनिंग फोर्क आहेत. आपल्याकडे हे नाव गिटारीच्या आधी मोटारसायकलवरून आलं, आणि आरएक्स हंड्रेडच्या त्या विशिष्ट आवाजासकट गावोगावी पोचलं. बांधावरच्या माणसापासून बोर्डरूमपर्यंत सगळे यामाहाच म्हणतात. याहामा म्हणणारेही काही भेटतात, पण तो वेगळाच विषय आहे...

बरं, 'मूळ उच्चार तोच खरा' असं म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक कोडं. आल्हम्ब्रा नावाच्या स्पॅनिश गिटारी आहेत, क्लासिकल शिकणाऱ्यांच्या आवडत्या. १९६५ पासून त्या स्पेनच्या आलिकांते प्रांतात बनतात. नाव घेतलंय ग्रनाडाच्या प्रसिद्ध राजवाड्यावरून. आता स्पॅनिशमध्ये 'एच' मुका असतो, म्हणून जाणकार लगेच सांगतात की आलांब्रा म्हणा, ह नको. ठीक. पण तो राजवाडा बांधला मुसलमान राज्यकर्त्यांनी, आणि नाव मूळ अरबी, अल-हम्रा, म्हणजे लाल. त्यात ह आहे, चांगला घशातून काढायचा ठसठशीत ह आहे, आणि ब चा पत्ताच नाही. म्हणजे दुकानात आल्हम्ब्रा म्हणणारा मुलगा स्पॅनिशच्या दृष्टीने चुकला, पण नकळत अरबीच्या जवळ गेला! मूळ शोधायला निघालं की मूळ आणखी मागे सरकतं. कुठे थांबायचं हे आपणच ठरवतो, आणि बहुतेक वेळा आपल्याला जेवढं माहीत असतं तिथेच थांबतो.

जर्मन नावांबद्दल फार लिहीत नाही. ग्रेचच्या स्पेलिंगमध्ये शेवटी सलग चार व्यंजनं बघून लोक दचकतात आणि 'ग्रेट्स्च' असा काहीतरी शिंकल्यासारखा आवाज काढतात. जर्मनीतल्या मॅनहाइमहून आलेल्या फ्रीडरिश ग्रेचने १८८३ साली ब्रुकलिनमध्ये दुकान थाटलं, आणि त्या चारही व्यंजनांचा उच्चार आपला साधा च. पॉल मॅकार्टनीच्या त्या व्हायोलिनच्या आकाराच्या बेसवरचं नाव ज्या स्वराने सुरू होतं तो आपल्याकडे नाहीच. ऑ ची मात्रा आपण इंग्रजीसाठी घडवली, जर्मनसाठी घडवायची राहून गेली. हॉफ्नर म्हणा, हफ्नर म्हणा, दोन्हीकडून सारखेच लांब. क्वेबेकमधल्या गोदँ गिटारीला सगळे गॉडिन म्हणतात, पण कोकणातल्या माणसाच्या नाकाला गोदँ मुळीच जड जाऊ नये. असो.

तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, रविवारी टाइमपास म्हणून वाचायला बरं आहे. पण यात एवढं काय? सांगतो.

आमच्या टीममध्ये एक मुलगा आहे, लातूरकडचा. मराठी माध्यम, मग इंजिनिअरिंग, मग आमच्याकडे. गिटारीचं भयंकर वेड. पहिली चांगली गिटार घ्यायची म्हणून त्याने वर्षभर पैसे साठवले. हंबकर कशाला म्हणतात, कुठल्या लाकडाने आवाजात काय फरक पडतो, मानेची गोलाई किती, सगळं तोंडपाठ. घ्यायची वेळ आली तेव्हा मला बरोबर घेऊन गेला. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "कौनसा दिखाऊँ?" आणि वर्षभर ज्या मॉडेलचा नंबरसुद्धा झोपेत बरळला असता त्या गिटारीचं नाव न घेता हा पठ्ठ्या बोट दाखवून म्हणाला, "वो... ऊपरसे तीसरा, काला."

नंतर चहा पिताना विचारलं, "अरे, नाव का नाही घेतलंस?"

"नको दादा. मागे एकदा दुसऱ्या दुकानात घेतलं होतं. दोघं जण हसले."

ते दोघं स्वतः काय म्हणत असतील? पैजेवर सांगतो, आइबानीझु म्हणत नसणार, आणि ञ चा तर प्रश्नच नाही. ते हसले कारण त्यांचा चुकीचा उच्चार इंग्रजी माध्यमातला होता आणि याचा चुकीचा उच्चार लातूरचा होता. बस. ध्वनिशास्त्राचा याच्याशी काडीचा संबंध नाही. पाणी म्हणतो की पानी, लोणी की लोनी, यावरून माणूस जोखायची सवय आपल्याकडे फार जुनी आहे. न आणि ण मध्ये कुणाची जात, गाव, शाळा शोधायची, आणि वर त्याला 'शुद्ध बोलणं' म्हणायचं. तीच सवय आता नव्या मालावर चालू आहे. गिटार, पिझ्झा, बूट, गाड्या. माणसं तीच, हसणं तेच, फक्त पाटी इंपोर्टेड.

आणि गंमत म्हणजे यात आपला 'मराठी कशी जशी लिहितो तशीच बोलतो' हा अभिमानही फारसा कामाला येत नाही. आयबानेझ मधला झ कुठला? झाडातला की झेंड्यातला? चमच्यातला पहिला च आणि चार मधला च एकच आहेत का? लिहितो सारखे, म्हणतो वेगळे, आणि बाहेरचा कोणी मराठी शिकायला आला की त्याला 'माझा' आणि 'माझी' मधला फरक समजावताना आपल्याच नाकी नऊ येतात. तेव्हा उच्चाराच्या बाबतीत आपण फार वरच्या पायरीवर उभे आहोत असं समजायचं कारण नाही.

एका मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे काहीही बोललं तरी चालतं असं म्हणतोयस का तू?" नाही बुवा. मी फरक करतो. कंपनीचं नाव हा माल आहे. समोरच्याला कुठली गिटार हवी ते कळलं की काम झालं. आमच्या भाषेत सांगायचं तर स्पेलिंग ही प्रायमरी की, उच्चार हे डिस्प्ले नेम. लिनुस तोरवाल्ड्सने आपण काय म्हणतो ते स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवलंय, ते ऐकलं तर लीनुक्सच्या जवळचं वाटतं. ऑफिसात आम्ही लिनक्स म्हणतो, एक जण लायनक्स म्हणतो, सर्व्हर आजवर कोणावर रुसलेला नाही.

पण माणसाचं नाव हा माल नाही. रॉबर्ट मोग बघा, सिंथेसायझरवाले. स्पेलिंगमध्ये दोन 'ओ', त्यामुळे जगभर लोक त्यांना मूग म्हणत राहिले. ते स्वतः मोग म्हणायचे, आणि कोणी विचारलं तर 'व्होग'शी यमक जुळतं म्हणून सांगायचे. २००५ मध्ये ते गेले, २००८ मध्ये त्यांच्या कंपनीने त्याच नावाची गिटारही काढली. आता आपल्या भाषांनी केवढी सोय करून ठेवली आहे बघा. मूग म्हणजे डाळीचा, आणि मोग म्हणजे कोकणीत प्रेम. त्या माणसाला प्रेम हवं होतं आणि आपण उसळ वाढत बसलो! इथे चुकणाऱ्याला हळूच सांगावं असं मला वाटतं, कारण तिथे एक माणूस होता आणि त्याने आपलं नाव काय ते सांगून ठेवलं होतं. तसाच आडॉल्फ रिकनबाखर. स्वित्झर्लंडमध्ये जन्मला, अमेरिकेत वाढला, आणि पुढे आडनावातला ख काढून त्याने क घातला. रिकनबॅकर. त्याने स्वतःच ठरवलं म्हटल्यावर आपण मूळ स्विस उच्चाराचा आग्रह धरणारे कोण? एपिफोनची गोष्टही अशीच. आयफोनच्या पिढीला तो कुठलातरी फोन वाटतो, पण तो एपी हा एक माणूस होता. अमेरिकेत आलेल्या ग्रीक कुटुंबातला एपामिनोंदास स्ताथोपूलो, घरचे लाडाने एपी म्हणत. १९२८ मध्ये त्याने कंपनीच्या नावात स्वतःचं लाडाचं नाव घातलं. ई-पाय-फोन म्हणणाऱ्याला मी हसत नाही, पण एपीची ही गोष्ट जरूर सांगतो. त्यानंतर ते नाव कोणी चुकवत नाही, असा माझा अनुभव आहे.

आणि आपल्या स्वतःच्या नावांचं काय? ऑनसाईट गेलेल्या ज्ञानेश्वरांचं तिकडे पहिल्या कॉललाच 'डी-न्यानेश' होतं आणि दुसऱ्या कॉलपर्यंत 'डॅन'. (दिल्लीच्या ऑफिसात ग्यानेश होतं ते वेगळंच.) केळकरचा केलकर, काळेचा काले. ळ गेला तरी आपण हसून "नो प्रॉब्लेम" म्हणतो, कधी कधी स्वतःच सोपं नाव सुचवतो. क्लायंटला त्रास नको. हरकत नाही, पोटापाण्याचा प्रश्न आहे. पण आईवडिलांनी ठेवलेलं नाव जो इतक्या सहज सोडून देतो, त्याने नागोयाच्या एका कारखान्याच्या नावावरून लातूरच्या पोराला खजील करावं, हे काही माझ्या डोक्यात बसत नाही.

जाता जाता आपल्याकडच्या एका नावाबद्दल. गिव्हसन. कोलकात्याची गिटार, आपल्यातल्या कित्येकांची पहिली. कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये एक तरी असायचीच. नाव कुठून सुचलं असेल ते सांगायला नकोच, ब च्या जागी व्ह टाकला की झालं. पण बंगाली जिभेला व्ह जमत नाही, त्याचा ती भ करते. म्हणजे अमेरिकन गिब्सनपेक्षा वेगळं दिसावं म्हणून जे एक अक्षर बदललं, ते गिटारीच्या स्वतःच्या गावात बोलताना पुन्हा ब च्याच शेजारी जाऊन बसतं. गिभसन! तिकडे बालेन्थियात साल्बादोरच्या नावातल्या व्ही चंही तेच झालं होतं, त्यामुळे त्याने ही गिटार हातात घेतली असती तर त्यानेही तिला बहुधा गिब्सनच म्हटलं असतं.